पेंढ्याच्या भिंती

कावळ्याचे घर शेणाचे आणि चिमणीचे मेणाचे, ही गोष्ट ऐकल्याशिवाय मराठी घरातले मूल मोठे होत नाही. पाऊस येतो, कावळ्याचे घर वाहून जाते, तो चिमणीच्या दारात येऊन उभा राहतो आणि चिमणी बाळाचे सगळे आवरून होईपर्यंत त्याला ताटकळत ठेवते. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या नातवंडांची गोष्ट निराळी. तिथे तीन डुकरे असतात. त्यांतल्या आळशाने गवताचे घर बांधलेले असते आणि लांडगा ते एका फुंकरीत उडवून देतो. दोन्ही गोष्टींचे तात्पर्य एकच : शेण, गवत, माती हे गरिबाचे नाहीतर आळशाचे सामान, शहाण्याने वीट लावावी. आपण मोठे होऊन घर बांधायला निघतो तेव्हा हे तात्पर्यही आपल्याबरोबर प्लॉटवर येते.

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात आर्थर नावाचे एक चिमुकले गाव आहे. तिथे १९२८ साली बांधलेले एक प्रार्थनामंदिर आजही उभे आहे. बाहेरून पाहिले तर साधी, गिलावा केलेली, जाडजूड भिंतींची बैठी इमारत. खिडकीच्या कोनाड्यात माणूस ऐसपैस बसू शकेल एवढी भिंतीची रुंदी. या भिंतींत वीट नाही, दगड नाही, लाकडाचा सांगाडाही नाही. आत आहेत त्या राय नावाच्या धान्याच्या काडाच्या गाठी, एकावर एक रचलेल्या. छपराचा भार त्या गाठींनीच पेललेला आहे. अमेरिकेच्या ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत या इमारतीची नोंद झालेली आहे. लांडग्याची फुंकर काय, नेब्रास्कातली हिमवादळेही तिला हलवू शकलेली नाहीत.

ही कल्पना कोणा वास्तुविशारदाच्या डोक्यातून निघालेली नाही, ती निघाली अडचणीतून. नेब्रास्काच्या पश्चिमेला वाळूच्या टेकड्यांचा मोठा प्रदेश आहे. टेकड्यांवर गवत भरपूर, पण झाड औषधाला नाही. १९०४ साली अमेरिकी सरकारने कायदा करून या भागात वसणाऱ्या कुटुंबाला ६४० एकर जमीन देऊ केली आणि माणसे आली. जमीन मिळाली, पण घर कशाचे बांधायचे? शेजारच्या प्रदेशातले लोक गवताळ मातीची ढेकळे कापून त्यांची घरे बांधत. इथे माती वाळूची, ढेकूळ उचलले की सुटून जायचे. लाकूड रेल्वेने आणावे तर परवडत नव्हते. मात्र गवत दाबून त्याच्या चौकोनी गाठी बांधणारी, घोड्यांनी चालवायची यंत्रे तोवर आली होती. कोणीतरी त्या गाठी विटांसारख्या रचल्या. तात्पुरता निवारा म्हणून, एखादा हिवाळा निघावा म्हणून. हिवाळा निघाला. घर बाहेरच्या बर्फात आश्चर्य वाटावे इतके उबदार राहिले आणि पुढच्या उन्हाळ्यात थंड. मग लोकांनी त्याला गिलावा केला आणि तिथेच संसार थाटले.

या इतिहासातली एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. याच भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गवताच्या गाठींची एक शाळा बांधली होती. तिला ना कुंपण होते ना गिलावा. १९०२ पर्यंत ती शाळा गुरांनी खाऊन टाकली, अशी नोंद आहे. शाळा बुडवण्याची इतकी नामी सबब जगात दुसऱ्या कुठल्या पोराला मिळाली नसेल. ही गुरे मात्र वाचकांनी लक्षात ठेवावीत. पुढे त्यांची गाठ पडणार आहे.

पुढे सिमेंट स्वस्त झाले, रस्ते झाले, लाकूड येऊ लागले आणि ही पद्धत विसरली गेली. १९७० च्या दशकात लोकसंस्कृतीच्या एका अभ्यासकाने नेब्रास्कातल्या या घरांवर लिहिले, इंधनाच्या महागाईने त्रासलेल्या तरुणांनी ते वाचले आणि पुन्हा एकेक घर उभे राहू लागले. फ्रान्समध्ये मोंतार्जी या गावी १९२० च्या सुमारास एका अभियंत्याने असेच घर बांधले होते. तेही अजून उभे आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या काही राज्यांनी आणि शहरांनी अशा बांधकामाचे नियम केले, आणि २०१५ च्या निवासी बांधकाम संहितेत त्यासाठी स्वतंत्र परिशिष्टच आले. म्हणजे हा विषय हौशी मंडळींच्या हातून सरकारी कागदावर पोचायला सुमारे शंभर वर्षे लागली.

आता या घराची रचना. गाठ म्हणजे यंत्राने दाबून दोन ठिकाणी दोरीने वा तारेने आवळलेला गठ्ठा. साधारण तीन फूट लांब, दीड फूट रुंद, सव्वा फुटाला थोडी कमी उंच आणि पंधरा-वीस किलो वजनाची. एक माणूस उचलू शकतो. दगडाचे किंवा काँक्रीटचे जोते जमिनीपासून चांगले उंच घ्यायचे, त्यावर गाठी विटांसारख्या सांधेमोड करून रचायच्या, बांबूच्या किंवा लोखंडाच्या मेखांनी त्या एकमेकींत खिळवायच्या, वर लाकडी चौकट ठेवून ती पायाशी आवळून बांधायची आणि छप्पर चढवायचे. वजनाने भिंत काही आठवडे इंच-दोन इंच बसते. ती बसू द्यायची, घाई करायची नाही. मग आतून-बाहेरून मातीचा किंवा चुन्याचा जाड गिलावा. दुसऱ्या पद्धतीत छपराचा भार खांब-तुळयांवर असतो आणि गाठी नुसत्या मधे भरतात. पावसाच्या मुलखात हीच पद्धत शहाणपणाची, कारण आधी छप्पर उभे करून त्याच्या सावलीत भिंती रचता येतात.

हे काम करायला कसबी गवंडी लागतोच असे नाही. अमेरिकेत अशा भिंती शनिवार-रविवारी शेजारीपाजारी जमून उभारतात, आणि यजमान जेवण घालतो. आपल्याकडे याला इर्जिक म्हणत, सावड म्हणत. शेतातली इर्जिक आता फारशी दिसत नाही, आणि घरासाठी तर आपण फक्त कंत्राटदार बोलावतो.

फायदा पहिला आणि निर्विवाद, तो उष्णतेचा. काडाची प्रत्येक नळी पोकळ, दोन नळ्यांमध्येही हवा अडकलेली. दीड फूट जाडीच्या अशा थरातून उष्णता फार सावकाश जाते. स्वेटर ज्या तत्त्वावर ऊब देतो तेच हे तत्त्व. आपल्या जुन्या वाड्यांतल्या पांढऱ्या मातीच्या भिंती थंड वाटतात, त्याचे कारण वेगळे आहे. ती माती दिवसभराची उष्णता स्वतःत मुरवते आणि रात्री सोडते. पेंढ्याची भिंत उष्णता मुरवत नाही, ती अडवते. तिच्यावर आतून मातीचा जाड गिलावा केला तर दोन्ही गुण थोडेथोडे पदरात पडतात. नेब्रास्कात उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो आणि हिवाळ्यात शून्याच्या पुष्कळ खाली जातो. अशा मुलखात सरपणाची आणि पुढे विजेची बचत हेच या घराचे खरे भांडवल ठरले. चीनच्या ईशान्य भागात, जिथे हिवाळाभर घरात कोळसा जाळावा लागतो, तिथे सहाशेच्या वर कुटुंबांची घरे या पद्धतीने बांधली गेली. त्या कामाला २००५ साली जागतिक अधिवास पुरस्कार मिळाला.

आगीचे काय, हा प्रश्न प्रत्येकाच्या ओठांवर येणार. मोकळा पेंढा काडी लावताच भडकतो, हे होळीला पाहिलेले असते. पण रद्दीचा सुटा कागद आणि रद्दीचा करकचून बांधलेला गठ्ठा यांत फरक आहे. गठ्ठा वरवर करपतो, आत हवा नसल्याने आग शिरत नाही. अमेरिकेत प्रमाणित अग्निचाचणीत मातीच्या गिलाव्याची पेंढ्याची भिंत एक तास आणि चुना-सिमेंटच्या गिलाव्याची दोन तास टिकली. धोका असतो तो बांधकाम चालू असताना, जमिनीवर सुटे काड पसरलेले असते तेव्हा. त्या दिवसांत एका विडीने घर जाऊ शकते.

भूकंपाचा मुद्दा मात्र आपल्या जिव्हारीचा आहे. १९९३ च्या अनंत चतुर्दशीची ती रात्र. गणपती विसर्जन करून दमलेली गावे झोपली होती, आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जमीन हादरली. किल्लारी परिसरात सुमारे आठ हजार माणसे गेली. भूकंप मारत नाही, घर मारते, हे तेव्हा उभ्या महाराष्ट्राने पाहिले. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद दगडी भिंती, दगड जोडायला नुसता चिखल, आणि वर माळवदाचे टनावारी ओझे. ही घरे गावच्या भाषेत पक्की होती. ज्यांच्या डोक्यावर कुडाची, पाल्याची झोपडी होती, त्यांच्या अंगावर पडायला फारसे काही नव्हते. पेंढ्याच्या भिंतीचे वजन, गिलावा धरूनही, तेवढ्याच जाडीच्या दगडी भिंतीच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास भरते, आणि हादरा बसला तर ती लवते.

याची परीक्षाही झालेली आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये काश्मीर आणि पाकिस्तानच्या वायव्य भागात मोठा भूकंप झाला. त्यानंतर तिथल्या गरिबांना परवडतील अशी पेंढ्याची लहान घरे बांधण्याचे काम एका अमेरिकी महिला अभियंत्याने हाती घेतले. लोखंडाऐवजी कोळ्यांच्या जाळ्यासारखी नायलॉनची जाळी वापरून भिंती पायाशी आणि छपराशी बांधायच्या, अशी तिची युक्ती. २००९ साली नेवाडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत हलत्या मंचावर चौदा फूट बाय चौदा फुटांचे असे एक अख्खे घर बांधून ते हादरवले. कॅलिफोर्नियातल्या नॉर्थरिजच्या भूकंपाची नोंद घेऊन तिच्या दुप्पट जोराचे धक्के दिले. घराला तडे गेले, ते वाकडे झाले, पण पडले नाही. आत झोपलेली माणसे चालत बाहेर आली असती.

इथवर वाचून कोणी उद्याच गाठींची चौकशी करायला निघेल, म्हणून दुसरी बाजू.

पेंढ्याचा शत्रू एकच, पाणी. वाळका पेंढा वर्षानुवर्षे टिकतो. त्यातला ओलावा शेकडा वीसच्या वर जाऊन तसाच राहिला की बुरशी धरते आणि भिंत आतून कुजू लागते. म्हणून या घराला चांगली टोपी आणि चांगले बूट हवेत, असे ते लोक म्हणतात. टोपी म्हणजे रुंद वळचण, शक्य तर चारी बाजूंना पडवी. बूट म्हणजे उंच जोते. गिलावाही श्वास घेणारा हवा. मजबुतीच्या हौसेने बाहेरून घट्ट सिमेंट थापले तर फटीतून आत गेलेले पाणी बाहेर पडत नाही आणि घर दिसायला ठणठणीत राहून आतून जाते. नळाची पाइपलाइन या भिंतीतून नेऊ नये, न्हाणीघराची भिंत विटेचीच बांधावी. आपल्याकडे वाळवीचा पहारा आणखी वेगळा ठेवावा लागेल.

त्यामुळे कोकणात आणि गोव्यात या घराचा नाद करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तिथे तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस, चार महिने हवेतच पाणी. दिवसा-रात्रीच्या तापमानात फारसा फरक नसल्यामुळे उष्णता अडवणाऱ्या जाड भिंतीचा उपयोगही थोडाच. कोकणातल्या माणसाने चिऱ्याचे घर, उतरते छप्पर आणि वारा खेळेल अशी पडवी हे उत्तर फार पूर्वीच शोधून ठेवले आहे. त्याला नेब्रास्काने काही शिकवण्याची गरज नाही.

स्वस्ताईबद्दलही पुष्कळ अतिशयोक्ती होते. भिंत हा घराच्या खर्चाचा एक लहान हिस्सा आहे. पाया, छप्पर, दारे-खिडक्या, फरशी, वीज, नळ यांना लागायचा तो पैसा लागतोच. आणि वर उघडा पत्रा टाकून खाली पेंढ्याची भिंत बांधली तर विदर्भाच्या मे महिन्यात त्या भिंतीचा काही उपयोग नाही. ऊन डोक्यावरून येते. बचत होते ती बांधताना थोडी आणि राहताना जास्त, तीही घर नीट राखले तर.

आता ती गुरे. बाहेरून तीस फूट बाय वीस फूट असे छोटे घर धरू. दारे-खिडक्या वजा जाता त्याला सुमारे दोनशे गाठी लागतील. म्हणजे साडेतीन टन काड. पंजाबात दीड एकर भाताच्या शेतात एवढा पेंढा पडतो आणि तिथे तो ओझे झाला आहे. एकट्या पंजाबात वर्षाला सुमारे दोन कोटी टन भाताचा पेंढा निघतो. भूजल वाचवण्यासाठी २००९ साली तिथे भातलावणी जूनच्या मध्यावर ढकलणारा कायदा झाला. त्यामुळे भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांत जेमतेम दोन-तीन आठवडे उरतात. हार्वेस्टर कणसे कापून पेंढा रानात टाकून जातो. त्या पेंढ्यात सिलिका फार, त्यामुळे तिकडची जनावरे तो आवडीने खात नाहीत. मग काडी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली बंदी घातली, दंड झाले, तरी ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिल्लीचे आकाश धुराने भरायचे ते भरतेच. विशेष म्हणजे तिथे गाठी बांधणारी यंत्रे आता शेतोशेती फिरतात आणि त्या गाठी बॉयलरात जाळायला जातात. जनावर ज्याच्याकडे पाहत नाही तो सिलिकावाला पेंढा लवकर कुजत नाही, म्हणून भिंतीला उत्तम. बांधकामाचे सामान रानात बांधून तयार पडले आहे आणि ते आपण जाळतो आहोत.

आमच्या मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यात हिशेब उलटा आहे. साडेतीन टन कडबा म्हणजे एका बैलजोडीचे सात-आठ महिन्यांचे पोट. ज्या मुलखात दुष्काळात चारा छावण्या उघडाव्या लागतात, दावणीची जनावरे मिळेल त्या भावाने बाजारात न्यावी लागतात, तिथे कडब्याची गंजी उचलून भिंतीत घाला असे सांगायला जाणाऱ्याला गावकरी हाकलून देतील, आणि ते बरोबरच होईल. कडब्यावर पहिला हक्क गुरांचा. भिंतीसाठी पाहायचे असेल तर जनावर ज्याला तोंड लावत नाही ते पाहावे लागेल. पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत जिथे हार्वेस्टरने भात कापतात, तिथले रानात विखुरलेले तणीस; उसाच्या पट्ट्यात पेटवून दिले जाणारे पाचट, ज्याच्या गाठी बांधण्याची यंत्रे आली आहेत. पाचट म्हणजे पाने, पोकळ काड नव्हे. त्याची भिंत कशी वागेल हे कोणीतरी बांधूनच पाहायला हवे. मळणीयंत्रातून निघालेला गव्हाचा भुसा मात्र कामाचा नाही, गाठीला लांब काड लागते.

पण सामान मिळाले तरी एक शब्द आडवा येणार आहे, पक्के. जनगणनेचा प्रगणक दारात येतो तेव्हा भिंतीच्या रकान्यात गवत आणि बांबू एका खान्यात, माती आणि कच्ची वीट दुसऱ्यात, भाजलेली वीट आणि काँक्रीट आणखी पुढच्या खान्यात. पहिल्या खान्यातून शेवटच्यात जाणे म्हणजे प्रगती, असे सरकार धरते, बँक धरते आणि मुलीचा बापही धरतो. यात कोणाची चूक आहे असे नाही. ज्याने दर मेमध्ये शाकारणी केली, दर पावसात गळणाऱ्या केंबळाखाली भांडी मांडली, त्याला स्लॅबचे स्वप्न पडणारच. त्याने पुन्हा गवताच्या घरात जावे असा उपदेश स्लॅबखाली पंखा लावून बसलेल्यांनी करणे हे तर फारच वाईट. सेवाग्रामला १९३६ साली मातीची, बांबूची कुटी झाली, ती आजही सारवून-लिंपून राखलेली आहे. लोक तिथे जातात, चप्पल काढून आत शिरतात, किती गार वाटते म्हणतात आणि परत येऊन सिमेंटचा भाव विचारतात. या सिमेंटचा जगाच्या कार्बन उत्सर्जनातला वाटा शेकडा सात-आठ आहे.

तेव्हा सुरुवात गरिबाच्या घरापासून करू नये. प्रयोगाचा धोका त्याने का पत्करायचा? अभियांत्रिकी महाविद्यालयाने आपल्या आवारातली एक वर्गखोली बांधावी, कृषी विद्यापीठाने आपले अतिथिगृह बांधावे, सार्वजनिक बांधकाम खात्याच्या एखाद्या साहेबाने आपले निवृत्तीनंतरचे घर बांधून दाखवावे. मातीच्या घरांना भूकंपात कसे तारावे यासाठी आपल्याकडे १९९३ पासून भारतीय मानक आहे. तसेच पेंढ्याच्या भिंतीसाठी करता येईल, म्हणजे परवानगीच्या खिडकीपाशी कागद परत यायचा नाही. परदेशातल्या या घरांत एक प्रथा आहे. बैठकीच्या भिंतीत वीतभर जागा गिलाव्याविना सोडतात, तिला काच लावतात, आणि पाहुण्याला आतला पेंढा दाखवतात. सत्याची खिडकी, असे तिचे नाव. सरकारी इमारतीत तर ती सक्तीचीच करावी.

बांधणाऱ्याने भात कापणीनंतर, नोव्हेंबरातच गाठी कोरड्या उचलाव्यात आणि ताडपत्रीखाली फळ्यांवर रचून ठेवाव्यात. फेब्रुवारीपर्यंत जोते आणि छप्पर पुरे करावे, मार्चमध्ये भिंती, एप्रिलमध्ये गिलावा. मे महिना तो वाळायला हवा. गाठीत खुपसून ओलावा मोजणारी सळई मिळते. जूनपासून दर पंधरा दिवसांनी पश्चिमेच्या भिंतीत, खिडकीखाली आणि जोत्यालगत ती खुपसून आकडा वहीत लिहावा. गणपतीच्या सुमारास तो वीसच्या आत असेल तर दिवाळीला राहायला जायला हरकत नाही.